तीन मिलिमीटरची बायको

"आज थेंब नकोत," बायको म्हणाली, आणि थेंबवाल्यांच्या हातातली बाटली हवेतच राहिली.

अकरा वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बायको पलंगावर उताणी पडायची आणि थेंबवाले तिच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचा एकेक थेंब सोडायचे. तापात सोडले होते, अबोल्यात सोडले होते, घर बदललं त्या दिवशी सामानाच्या ट्रकमध्ये गुंडाळलेल्या गादीवर तिला आडवं करून सोडले होते.

"नकोत म्हणजे?"

"म्हणजे नकोत. ओले आहेत माझे डोळे."

"ओले? तुझे? कशाने?"

"दात घासताना कालचा पिक्चर आठवला," असं म्हणून बायकोने रुमालाने डोळे टिपले, पर्स उचलली आणि ती ऑफिसला निघून गेली. थेंबवाले पलंगाशी उभे राहिले. बराच वेळ झाल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. बाटलीलाही जरा अपमान झाल्यासारखा वाटत होता.

थेंबवाल्यांचं काम काय, हे सांगितल्याशिवाय त्यांचं दुःख कळायचं नाही. ते डोळ्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्याआधी पेशंटना ओळीने बसवायचं, त्यांच्या माना मागे टेकवायच्या आणि बाहुल्या मोठ्या होण्यासाठी डोळ्यांत थेंब घालायचे. त्यावरून सगळे त्यांना थेंबवालेच म्हणत. ज्याने ज्याने त्यांना जवळून पाहिलं, त्याला ते लगेच अंधुक दिसू लागले होते. त्यामुळे रस्त्यात चेहऱ्यावरून त्यांना कोणी ओळखत नसे. आवाजावरून मात्र सगळे ओळखत, कारण थेंबवाले बोलायचे थांबत नसत.

त्यांच्याकडे दुसरं काम होतं अश्रू मोजायचं. कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, पेशंटला पाच मिनिटं डोळे मिटून बसवायचं आणि मग पट्टी किती भिजली ते मोजायचं. पंधरा मिलिमीटर भिजली तर माणूस ठीक. पाचाच्या खाली गेली तर डोळे कोरडे.

बायको त्यांना भेटली ती अशीच, लाल डोळे घेऊन. थेंबवाल्यांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत पट्ट्या अडकवल्या आणि पाच मिनिटं तिला आपला घरमालक, पापण्यांचे प्रकार आणि स्टीलची भांडी या विषयांवर माहिती दिली. डोळ्यांतून कागद लोंबत असताना माणूस उठून जाऊ शकत नाही. पाच मिनिटांनी त्यांनी पट्टी काढली आणि ते थक्क झाले.

"तीन! तीन मिलिमीटर! एवढं कमी मी आजवर पाहिलं नाही हो."

माझ्याबद्दल तोवर इतक्या कौतुकाने कोणी बोललं नव्हतं, असं बायको नंतर सांगायची. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

लग्नात तिने टिपूस काढला नाही. तिच्याकडचे नातेवाईक कुजबुजायला लागले, तेव्हा थेंबवाल्यांनीच फिरून फिरून सगळ्यांना समजावलं, "तीन मिलिमीटर आहे. येणार कुठून?" पुढे त्यांना मुतखडा झाला आणि ते फरशीवर गडाबडा लोळले, तेव्हा बायकोने कोरड्या डोळ्यांनी फोनवर रुग्णवाहिकेला पिनकोडसकट पत्ता सांगितला. थेंबवाले स्ट्रेचरवरूनसुद्धा शेजाऱ्यांना म्हणाले, "गैरसमज नको. तीन मिलिमीटर आहे." ती पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीत फोनवर बसायची. आठ तास लोक तिच्या कानात ओरडायचे आणि ती म्हणायची, "नोंद केली आहे." त्या खात्याच्या नळांना पाणी नसायचं आणि तिच्या डोळ्यांतही. लोकांना यात एक संगती वाटायची.

एकूण, बायको आपल्यासाठी कधी रडली नाही याचं थेंबवाल्यांना अकरा वर्षांत एकदाही वाईट वाटलं नव्हतं. त्यामागे शास्त्र होतं.

मग रविवारी मेहुणा पिक्चरची तीन तिकिटं घेऊन आला.

पिक्चर जपानी होता, कार्टूनचा, अद्भुत वगैरे. एक मुलगी गावासाठी पाणी शोधायला आटलेल्या दरीत उतरते आणि तिथे तिला दरीचा राखणदार भेटतो. हा राखणदार पाण्याच्या टाकीएवढा, अंगावर शेवाळ, कान चिमुकले आणि पोट जमिनीला टेकलेलं. तो काही बोलत नाही. त्याने नुसता श्वास सोडला तरी झाडं वाकतात. एवढं थेंबवाल्यांना माहीत होतं. त्यापुढचं माहीत नव्हतं, कारण पडद्याखाली पळणाऱ्या ओळी वाचून वाचून त्यांना इंटरव्हलनंतर झोप लागली. जाग आली तेव्हा दिवे लागले होते, सगळं थिएटर नाक शिंकरत होतं आणि बायकोच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

थेंबवाल्यांच्या मनात पहिला विचार आला, 'अरेरे, पट्टी आणायला हवी होती.'

दुसरा विचार यायला सोमवारची सकाळ उजाडावी लागली. पण आला तो विंचवासारखा आला. तिच्याकडे पाणी होतं. आपल्यासाठी नव्हतं, एवढंच.

दुपारी त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"काय रे, मला जरा डुलकी लागली होती त्या वेळी. काय झालं नेमकं?"

"भावजी, तुम्ही झोपलात? त्या सीनला झोपलात?"

"कोणत्या सीनला?"

"अहो, ती मुलगी डोळे मिटून बसलेली असते बघा. आणि तो राखणदार येतो, आणि हळूच तिच्यावर वाकतो... आणि भावजी, तो..."

"तो काय?"

पलीकडून हुंदका आला. मग आणखी एक आला. मग फोन बंद झाला.

थेंबवाल्यांनी फोन खिशात टाकला. मिटलेले डोळे आणि हळूच वाकणं. या दोन गोष्टींची बेरीज कोणत्याही नवऱ्याने केली तरी उत्तर एकच येतं.

संध्याकाळी ते घरी पोचले तर राखणदार सोफ्यावर बसला होता. मेहुण्याने बहिणीला भेट म्हणून त्याच्या आकाराची उशी आणून दिली होती. हिरवी, गुबगुबीत, चिमुकल्या कानांची.

"हा इथे का?"

"पाठीला. खुर्चीत बसून बसून पाठ धरते माझी."

"पण ही माझी जागा आहे."

"मग बसा ना. टेका त्याला."

"मी? त्याला टेकू?"

थेंबवाले दाराजवळच्या स्टुलावर बसून जेवले. झोपायच्या आधी त्यांनी उशीचं तोंड भिंतीकडे केलं. सकाळी ते पुन्हा खोलीकडे झालेलं होतं. अंगात सभ्यता होती म्हणून ते गप्प बसले. म्हणजे सात मिनिटं बसले.

"एवढं काय आवडलं तुला त्याच्यात?"

बायकोने प्रामाणिकपणे विचार केला. "गप्प असतो."

"त्यात काय मोठं? त्याला बोलताच येत नाही! मला बोलता येतं, आणि तरी मी..."

"तरी तुम्ही काय?"

या वाक्याला पुढे रस्ता नव्हता. थेंबवाल्यांनी तोंड मिटलं, आणि तिथेच त्यांना युक्ती सुचली. मंगळवारचा उरलेला दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. दवाखान्यात पेशंट घाबरले. आवाज नाही म्हणजे थेंबवाले नाहीत, हा कोणी तरी भलताच माणूस डोळ्यांत काहीतरी घालतोय, असं वाटून दोघं उठून गेले. घरी बायकोने त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, डोक्यावर टॉवेल टाकून वाफ दिली आणि गळ्याभोवती मफलर आवळला.

"दुखतंय का फार? मानेने सांगा."

तिच्या आवाजात काळजी होती. थेंबवाले सुखावले. मफलरातून त्यांनी तिच्या डोळ्यांकडे आशेने पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत होते.

"तसं बरंच झालं म्हणा," मफलरची गाठ मारत बायको म्हणाली. "आज ऑफिसात डोकं उठलं होतं माझं."

थेंब मात्र तिने त्या संध्याकाळीही नको म्हटले आणि बुधवारी सकाळीही. बुधवारी संध्याकाळी थेंबवाले खिशात पट्ट्यांचं पाकीट घालून आले.

"फेरतपासणी," त्यांनी जाहीर केलं.

"अकरा वर्षांनी?"

प्रश्न बरोबर होता. पण प्रेमात पडल्यावर फेरतपासणी कोण करतो? बायकोने त्यांच्याकडे एकदा विचित्र नजरेने पाहिलं, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, मिटलं आणि निमूटपणे खुर्चीत बसली. पाच मिनिटं थेंबवाले घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी पट्टी काढून उजेडात धरली. मग चष्मा पुसून पुन्हा धरली.

"बावीस."

"चांगलं की वाईट?"

"चांगलं," थेंबवाले म्हणाले, अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कोणी तरी गेलं.

पेशंट बरा झाल्याचं इतकं दुःख वैद्यकक्षेत्रात आजवर कोणाला झालं नसेल. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ जे थेंबाथेंबाने जमलं नाही, ते त्या शेवाळलेल्या गोळ्याने अडीच तासांत करून दाखवलं होतं. तेसुद्धा नुसतं वाकून. दगडाला पाझर फुटला होता, पण फोडणारा भलताच निघाला होता.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात एक ट्रकड्रायव्हर आला. दाराच्या दोन्ही बाजूंना खांदे घासून आत आला, एवढा मोठा. थेंबवाल्यांनी त्याला बसवलं, मान मागे टेकवली आणि बाटली घेऊन ते त्याच्यावर वाकले. ड्रायव्हरने वर पाहिलं आणि त्याची छाती गदगदायला लागली.

"चुरचुरतं का हो? अजून घातलासुद्धा नाही मी."

"नाही हो साहेब. तुम्ही असे एकदम वर आलात ना, त्या पिक्चरची आठवण झाली. तो जपानी. पोरीला घेऊन गेलो होतो."

थेंबवाल्यांचा हात जागीच थबकला. हा गोळा आता दवाखान्यातही पोचला होता तर!

"मला एकच सांगा," ते ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन म्हणाले. "तो वाकतो आणि काय करतो?"

"तो वाकतो..." ड्रायव्हर म्हणाला. "तो असा वाकतो साहेब... आणि..."

पुढे नुसताच पूर आला. थेंबवाल्यांनी थेंब घातले, ते वाहून गेले. पुन्हा घातले, पुन्हा गेले. चौथ्यांदा घातले तेव्हा ड्रायव्हरची कॉलर भिजली होती. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे तपासले, तर बाहुल्या मोहरीएवढ्याच.

"थेंबवाले! यांना थेंब घातले नाहीत?"

"घातले मॅडम. चार वेळा घातले. वाहून जातात."

"वाहून जातात म्हणजे काय?"

"त्या राखणदारामुळे, मॅडम."

डॉक्टरीणबाई कडक होत्या. एकदा त्यांनी एका माणसाला "हा डोळा गेला" असं सांगून त्याच श्वासात "पुढचे कोण?" विचारलं होतं. आता त्यांनी हळूहळू आपला चष्मा काढला.

"तो... वाकतो तो?"

"मॅडम, तुम्हीसुद्धा?"

"भाचीने नेलं होतं ओढून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड केलं. पाठमोऱ्याच त्यांनी आपला उजवा हात समोर धरून पाहिला. हात थरथरत होता. "दुपारची तिन्ही ऑपरेशनं उद्यावर टाका. असल्या हाताने मी कोणाच्या डोळ्याला सुरी लावायची नाही. आणि थेंबवाले, पुन्हा माझ्यापुढे त्याचं नाव काढू नका."

अशा रीतीने एका कार्टूनमुळे तीन मोतीबिंदू पुढे ढकलले गेले आणि थेंबवाले दुपारी दोन वाजता रिकामे झाले. रिकाम्या माणसाच्या मत्सराला पाय फुटतात. तीनचा खेळ होता. थेंबवाल्यांनी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. तो वाकतो आणि काय करतो, हे आज आपल्या डोळ्यांनी बघायचं.

इंटरव्हलपर्यंत ते टक्क जागे राहिले. झोप येऊ नये म्हणून त्यांनी दोन कप कॉफी घेतली. दिवे लागल्यावर आळस देत त्यांनी पुढे पाहिलं आणि दिलेला आळस अर्धाच राहिला. सहा ओळी पुढे एक ओळखीचा अंबाडा होता. त्यात ओळखीची लाकडी काडी होती. जिची ड्यूटी सहा वाजेपर्यंत होती ती त्यांची बायको होती, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर तो होता. हिरवा, गुबगुबीत. ऐटीत बसला होता.

चोरून भेटी! दिवसाढवळ्या!

माणूस असता तर थेंबवाल्यांनी त्याची कॉलर धरली असती. उशीला कॉलर नसते. शिवाय कॉलर धरण्याआधी पुरावा हवा होता. ती आताही रडते का? किती रडते? तिचा चेहरा समोरून बघितल्याशिवाय हे कळणार नव्हतं. दिवे मालवले तसे थेंबवाले खुर्चीतून उतरले आणि गुडघ्यांवर रांगत पुढे निघाले. वाटेत त्यांच्या तळहाताला काहीतरी चिकटलं, कोणाची तरी चप्पल डोक्याला लागली आणि एका बाईने "शुक शुक" करून त्यांना मांजर समजून हाकललं. तिच्या पुढच्या ओळीत ते पोचले, खुर्चीच्या पाठीमागे दबा धरून बसले आणि पडद्याकडे पाठ केली.

त्याच वेळी संगीत थांबलं. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. म्हणजे आता मुलीने डोळे मिटले असणार. म्हणजे आता तो वाकत असणार. ज्याच्यासाठी चार दिवस जिवाची तगमग झाली, ते या क्षणी त्यांच्या पाठीमागे चाललं होतं. नुसती मान वळवायचा अवकाश होता.

पण समोर बायको होती. थेंबवाल्यांनी मान वळवली नाही. चाहूल लागू नये म्हणून त्यांनी श्वास रोखला आणि हळूहळू खुर्चीवरून डोकं वर काढलं.

बायकोला दिसलं ते असं. अंधारातून एक काळी गोल आकृती वर येते आहे. कडेने पडद्याचा उजेड. दोन्ही बाजूंना चिमुकले कान. श्वास नाही, शब्द नाही, नुसते रोखलेले डोळे.

"आई गं!"

त्या किंकाळीने थिएटरचं छत हाललं. पाठोपाठ राखणदार येऊन थेंबवाल्यांच्या तोंडावर आदळला. चारी बाजूंनी आरडाओरडा झाला, दिवे लागले, पिक्चर थांबला.

"चौथ्यांदा आलोय मी!" मागच्या ओळीतले एक टाय लावलेले गृहस्थ उठून ओरडत होते. "चौथ्यांदा! या एका सीनसाठी रजा टाकतो मी!"

मॅनेजर धावत आला. त्याने उशी कवटाळून जमिनीवर बसलेल्या थेंबवाल्यांवर बॅटरी मारली आणि बायकोला विचारलं, "मॅडम, तुम्ही यांना ओळखता?"

बायकोने बराच वेळ निरखून पाहिलं.

"पाहिल्यासारखे वाटतात," ती म्हणाली. मग सुस्कारा सोडून म्हणाली, "नवरा आहे."

दोघांना बाहेर काढण्यात आलं. तिघांना, उशीसकट. लॉबीत पॉपकॉर्नच्या यंत्रासमोर बाक होता, त्यावर ते बसले. उशी मध्ये होती.

"तुमची आज ड्यूटी होती," बायको म्हणाली.

"तुझीपण होती. आणि मी सगळं पाहिलंय."

"काय पाहिलंत? पडद्याकडे तर पाठ होती तुमची."

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

थेंबवाल्यांनी हनुवटीने उशीकडे खूण केली. बायकोने उशीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. दुसरी कोणी असती तर हसून हसून बाकावरून पडली असती. पण तिचा फोनवरचा सराव मोठा होता.

"तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

"तक्रार? अकरा वर्षं! लग्नात टिपूस नाही. मुतखड्याला टिपूस नाही. मी जगाला सांगत फिरलो, तीन मिलिमीटर आहे, समजून घ्या. आणि हा कुठला कोण शेवाळलेला वाकतो काय आणि तुझे बावीस होतात काय! रड, खुशाल रड. मला फक्त एवढंच सांग, तो वाकतो आणि काय करतो?"

"थेंब घालतो."

पॉपकॉर्नच्या यंत्रात एक लाही फुटली.

"काय घालतो?"

"थेंब. वादळात त्या मुलीच्या डोळ्यांत धूळ जाते आणि डोळे चिकटून बसतात. दरीत पाणी नाही. फक्त त्याच्याजवळ पानावर जपलेला दवाचा एक थेंब असतो, त्याच्यावर तो स्वतः जगत असतो. तो वाकतो. श्वास सोडला तर पान उडेल, म्हणून श्वास रोखून धरतो. आणि तो थेंब तिच्या डोळ्यांत सोडतो." चार दिवसांत हा प्रसंग न रडता पुरा सांगणारी ती पहिलीच होती. आठ तासांच्या ड्यूटीचा काहीतरी उपयोग असतोच.

थेंबवाल्यांनी विचार केला. मग ते कुरकुरले, "थेंब मीपण घालतो. दिवसाला चाळीस माणसांना घालतो. कोणी रडत नाही."

"मी थेंबामुळे नाही रडले. जिभेमुळे रडले."

"कोणाच्या जिभेमुळे?"

"त्याच्या. नेम धरताना त्याची जीभ बाहेर येते. डाव्या बाजूने, एवढीशी." तिने बोटाच्या टोकाने दाखवलं. "तुमचीही येते."

थेंबवाल्यांचा हात तोंडाकडे गेला.

"माझी? कधी?"

"रोज. सातला आणि सातला."

"आणि अकरा वर्षांत तू मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती आत घेतली असती."

यावर काय बोलायचं ते थेंबवाल्यांना सुचलं नाही. त्यांच्या आयुष्यात ही परिस्थिती नवीन होती.

"रविवारी तुम्हाला दाखवायला म्हणून वळले," बायको म्हणाली, "तर तुम्ही घोरत होतात. मग वाटलं, मलाच तसं दिसलं की काय? म्हणून आज खात्री करायला आले, रजा टाकून. जीभ बाहेर यायच्या बेताला आणि तुम्ही वर आलात."

"पण मग थेंब नकोत का म्हणालीस? चार दिवस!"

"तुम्ही वाकलात की मला रडू येणार. रडले की थेंब बाहेर. मग तुम्ही विचारणार, का रडतेस. मग सगळंच सांगावं लागणार."

"अजून आहे?"

बायकोने उशीचा एक कान सरळ केला. "माझे डोळे तिसऱ्या वर्षीच बरे झाले. मॅडमनी तपासून सांगितलं होतं, थेंब बंद केले तरी चालतील. मीच त्यांना म्हटलं, यांना सांगू नका."

"आठ वर्षं?" थेंबवाले उठून उभे राहिले. "आठ वर्षं तू बऱ्या डोळ्यांत थेंब घालून घेतलेस? पाणी होतं तरी रडली नाहीस? मुतखड्याच्या वेळीसुद्धा होतं?"

"होतं की. बाथरूममध्ये जाऊन रडले. तुमच्यासमोर रडले असते तर दुसऱ्या दिवसापासून बाटली कपाटात गेली असती." मग तिचा फोनवरचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "दिवसभर लोक माझ्या कानात ओरडतात. घरी आले की तुम्ही बोलता. वाईट नाही बोलत, पण बोलता. थेंब घालताना तेवढा श्वास धरता. एक मिनिट माझ्याकडे बघता आणि काही म्हणत नाही. ते मी काय म्हणून बंद करू?"

थेंबवाले पुन्हा बाकावर बसले. चार दिवस पोसलेला मत्सर अजून अंगात होता, पण त्याला आता टेकायला जागा उरली नव्हती. ज्याचा हेवा केला त्याची कॉलर धरायची तर हात आपल्याच गळ्याकडे जात होता.

संध्याकाळी सातला बायको पलंगावर उताणी पडली. थेंबवाले बाटली घेऊन आले, पण एकोणीस वर्षांच्या नोकरीचा विवेक आडवा आला.

"तसं पाहिलं तर गरज नाही. बावीस आहे."

"माहीत आहे. घाला."

ते वाकले. श्वास रोखला. पण आता जिभेचं भान आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बाटली दाबली. पहिला थेंब बायकोच्या नाकावर पडला. दुसरा कानात गेला. तिसरा उशीने प्यायला. दिवसाला चाळीस माणसांना न चुकता थेंब घालणारा माणूस घामाघूम झाला.

"बाहेर काढा," बायको डोळे उघडे ठेवून म्हणाली.

"काय?"

"जीभ."

"तू बघत असतेस."

"अकरा वर्षं बघतेच आहे. काढा."

थेंबवाल्यांनी जीभ बाहेर काढली. डाव्या बाजूने, एवढीशी. ते पुन्हा वाकले, पापणी हलकेच खाली ओढली आणि बाटली सरळ धरली. ती अजून दाबलीही नव्हती, तोच बायकोच्या उजव्या डोळ्यात टपकन एक थेंब पडला. तिने पापणी मिटली, उघडली.

"हा गरम कसा?"

"कंपनी बदलली," जीभ बाहेर ठेवून जेवढं स्पष्ट बोलता येतं तेवढं स्पष्ट थेंबवाले म्हणाले.